वहीत न मांडलेलं

थोरल्याची वही मी कधी चुकवली नाही. तो तीन वर्षांचा असताना हिमोफिलियाचं, रक्त न थांबण्याच्या आजाराचं, निदान झालं. त्याच आठवड्यात कऱ्हाडच्या बाजारातून दोनशे पानी लांब वही आणली आणि पट्टीने रकाने आखले: तारीख, सूज कुठे, रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचे किती युनिट, बॅच नंबर, उतार कधी पडला. बाटलीवरचं लेबल सोलून शेजारी डकवायचं. आज अशा चार वह्या कपाटात आहेत. डावा गुडघा कितीदा, उजवं कोपर कितीदा, दुधाचे दात पडताना हिरडीतून किती दिवस रक्त येत राहिलं, सगळं तारखेनिशी सांगू शकते. अपंगांच्या २०१६च्या कायद्यात हिमोफिलिया आला तेव्हा त्याचा दाखला काढायला जिल्ह्याच्या गावी मी सहा खेपा घातल्या. डॉक्टर वही चाळून म्हणायचे, "अशी आई प्रत्येकाला मिळाली पाहिजे." ते ऐकलं की माझा जीव निवायचा. स्वतःला आणखी काही विचारायची मग गरज वाटायची नाही.

त्याच घरात माझं रक्त जात होतं आणि पुढे माझ्या लेकीचं जायला लागलं. माहेरी बहिणीचं गेलं, तिच्याआधी आईचं गेलं. त्यातला एक थेंबही मी कुठे मांडून ठेवला नाही. मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. पुष्कळ कळत होतं. ते मला झाकून ठेवायचं होतं.

२०२५च्या फेब्रुवारीत आमच्या भागातल्या हिमोफिलिया सोसायटीने वाईजवळ फक्त बायकांसाठी दोन दिवसांचं निवासी शिबिर घेतलं. याआधीही दोनदा बोलावणं आलं होतं आणि दोन्ही वेळा मी कारण सांगून टाळलं होतं. एकदा थोरल्याची परीक्षा, एकदा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आजार पोराला आहे, बायकांनी तिथे जाऊन काय करायचं, असं मी घरात बोलूनही दाखवलं होतं. या वेळी फोन आला तेव्हा मी दळणाला गेले होते आणि तो लेकीने घेतला. मी आले तर ती म्हणाली, "आई, मुलींनाही बोलावलंय. मी हो म्हणून सांगितलं." ती चौदा वर्षांची. स्वतःहून कशाला हो म्हणणारी ती पोर नव्हे. मला नाही म्हणता आलं नाही.

वाईच्या शिवारात त्या दिवसांत हळद शिजत होती. एसटीतून उतरलो तोच तो वास आला. काहिलीतल्या वाफेचा, ओल्या मातीचा, थोडा कडवट. ज्यांच्याकडे हळद होते त्यांना तो वास म्हणजे वर्षाचा पैसा. माझ्या पोटात मात्र गोळा आला. का आला ते पुढे सांगते.

आम्ही बत्तीस जणी होतो. एका वसतिगृहाच्या दालनात सतरंज्या अंथरलेल्या, कोपऱ्यात चहाची किटली, भिंतीशी सगळ्यांच्या पिशव्या. ओळखी करून द्यायच्या होत्या. नाव, गाव आणि या आजाराशी आपलं नातं काय ते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मी हिमोफिलियाच्या मुलाची आई." बहुतेकींनी असंच सांगितलं. कुणी आई, कुणी बहीण, कुणी बायको. मग बार्शीची एक पोरगी उठली, बावीस-तेवीसची असेल. म्हणाली, "मला व्हॉन विलब्रँड आहे. मी कुणाची कुणी म्हणून आले नाही, मीच पेशंट आहे." दालन एकदम गप्प झालं. माझी लेक तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

त्यानंतर इचलकरंजीच्या काकू बोलल्या. साठीच्या, नऊवारी, हातात जपमाळ. त्यांचा भाऊ या आजारात गेला, एक मुलगा गेला, आता नातू आहे. त्या म्हणाल्या, "आम्हाला वाहक म्हणतात. एसटीत एका सीटवर लिहिलेलं असतं ना, वाहक. म्हणजे दुसऱ्याला पोचवायचं. बाई, मला चाळीस वर्षं महिन्याचे दहा-दहा दिवस अंगावर जायचं. मला कुणी विचारलं नाही, तुझं काय म्हणून."

मी मान खाली घातली. माझंही आठ-नऊ दिवस जायचं. गाठी पडायच्या. पाळीत लग्नकार्य आलं तर मी गडद रंगाची साडी काढायची आणि बसलेल्या जागेवरून उठताना मागे वळून बघायची. छत्तिसाव्या वर्षी एका डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी बीटी-सीटी, म्हणजे रक्त थांबायला आणि गोठायला लागणारा वेळ, बघायला सांगितलं. ते नॉर्मल आलं. त्या एका कागदावर मी निर्धास्त झाले. रक्त गोठायच्या आजाराची सौम्य जात त्या तपासणीत पकडली जातेच असं नाही, हे मला ठाऊक होतं. थोरल्याच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी समोर बसवून समजावलं होतं. पण मला सोयीचा कागद हातात पडला होता आणि तो मी फायलीत लावून टाकला. माझ्या घरात हिमोफिलिया आहे हे मी त्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं.

दुपारी पुण्याहून आलेल्या रक्तविकारांच्या डॉक्टर बाईंनी बोलायला सुरुवात केली. फळ्यावर काही लिहिलं नाही, आमच्यातच सतरंजीवर बसल्या. म्हणाल्या, बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, पण कामाला एकच असतं. दुसरं आईच्या पोटात असतानाच झोपी जातं. कुठल्या पेशीत कुठलं झोपेल ते कुणाच्या हातात नाही. पुष्कळ पेशींत चांगलं झोपलं आणि बिघडलेलं जागं राहिलं, तर त्या बाईचंही फॅक्टर खाली येतं. साधारण माणसात ते ५० ते १५० टक्क्यांच्या मध्ये असतं. एखादीचं ४०च्या खाली असेल तर तिला नुसती वाहक म्हणायचं नाही, तिला हिमोफिलियाच आहे असं म्हणायचं, हे २०२१ साली जगातल्या तज्ज्ञांनी ठरवलं.

मग त्यांनी एका पोरीची गोष्ट सांगितली. फिनलंडच्या ऑलंड बेटांवरची पाच वर्षांची मुलगी १९२४ साली हेलसिंकीला डॉक्टर व्हॉन विलब्रँड यांच्याकडे आणली होती. तिच्या घरात मुलगे आणि मुली दोघांनाही रक्त न थांबण्याचा त्रास होता. १९२६ साली डॉक्टरांनी त्यावर लेख लिहिला आणि आजाराला पुढे त्यांचं नाव पडलं. मुलीचं काय झालं? वयात आली आणि चौथ्याच पाळीत अतिरक्तस्राव होऊन गेली.

शंभर वर्षं झाली त्याला. मी शेजारी बसलेल्या माझ्या पोरीकडे बघितलं नाही. बघायचा धीर झाला नाही.

त्यानंतर कागद वाटले. त्यावर तीन पॅडची चित्रं छापलेली. पहिल्यावर मध्ये एक फिकट डाग, दुसरं अर्धं भरलेलं, तिसरं काठापर्यंत. पहिल्याला १ गुण, दुसऱ्याला ५, तिसऱ्याला २०. गाठींचे वेगळे. गेली पाळी आठवून, किती पॅड कसे होते ते चित्राखाली मांडायचं आणि बेरीज करायची. ती १००च्या वर गेली तर पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त जातंय असं समजून पुढच्या तपासण्या करायच्या. नाव घालायचं नव्हतं. कुणी बघणार नव्हतं.

तरी मी खोटं लिहिलं. तिसऱ्या चित्राखाली हात थांबला आणि मी ते जवळजवळ रिकामं सोडलं. बेरीज ६२ आली. खऱ्या आकड्याला मी घाबरले. तो एकदा कागदावर आला की लेकीचंही बघावं लागेल, आणि लेकीचं बघितलं की तिच्या नावाची फाइल होईल. उद्या स्थळं बघायला लागलो की त्या फायलीचं काय करायचं? थोरल्याचं निदान झालं तेव्हाच डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, 'मुलगी झाली तर फॅक्टर आठ तपासणे.' मुलगी झाली. ती चिठ्ठी मी देवघरातल्या पोथीत घालून ठेवली आणि कुणाला दाखवली नाही. तिचं भलं करतोय असं मी मनाला सांगत आले. भलं माझंच होत होतं. पुन्हा एकदा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळायला नको होत्या.

कागद घेऊन लेक माझ्यापुढे दोन रांगा जाऊन बसली होती. तिचा कागद मला तिरका दिसला. बेरीज २७४. मी गुडघ्यावर सरकत तिच्यामागे गेले आणि कानात म्हटलं, "एवढं कुठं असतं गं? खोड ते."

ती वळली नाही. म्हणाली, "मोजलंय मी."

दप्तरातून तिने विज्ञानाची जुनी वही काढली. फोनवरच्या बाईंनी सांगितलं होतं म्हणे, काही लिहून ठेवलं असेल तर घेऊन ये. वहीच्या मागच्या पानांवर पट्टीने आखलेले रकाने होते. माझ्यासारखेच. ती जन्मल्यापासून मला तसे रकाने आखताना बघत आलेली. तारीख. फुल किती, हाफ किती. गाठ, आणि पुढे कंसात 'पाच रुपयाएवढी'. रात्री टॉवेल. शाळा बुडाली: २. पीटीला बसून: ३. चौदा महिन्यांच्या नोंदी, पेन्सिलीने, बारीक अक्षरात. शेवटचा रकाना होता 'आईला सांगितलं'. पहिल्या दोन महिन्यांपुढे बरोबरची खूण. पुढचा सगळा रकाना रिकामा.

त्या दोन वेळा मला आठवतात. एकदा मी भाकऱ्या थापत होते. ती दाराशी उभी राहून म्हणाली, "आई, खूप होतंय गं." मी तव्याकडे बघत म्हटलं, "सगळ्यांनाच होतं. सुरुवातीला असंच असतं." दुसऱ्यांदा थोरल्याचा घोटा सुजला होता, मी फॅक्टर कालवत होते. बाटली हलवायची नसते, तळहातात हळूच फिरवायची असते, त्यात फेस येऊ नये म्हणून माझं सगळं लक्ष तिकडे. ती काय म्हणाली ते मी पुरतं ऐकलंसुद्धा नाही. मान हलवली आणि "बघू" म्हटलं.

रात्री जेवणं झाल्यावर गच्चीवर गोल करून बसलो. थंडी होती, सगळ्यांनी चादरी गुंडाळलेल्या. आजवर कुणाला न सांगितलेलं काही सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही तर नुसतं बसा, एवढंच सांगितलं होतं. शिवारातून हळदीचा वास येतच होता, म्हणून मी बोलले असेन.

थोरला अडीच वर्षांचा असताना ओसरीच्या पायरीवरून घसरला. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला. लचक भरली असं सगळ्यांना वाटलं. आंबेहळद उगाळून, गरम करून तिचा लेप लावायचा आणि तेलाने वरून खाली चोळायचं, असं सासूबाईंनी सांगितलं. त्यांनी सांगितलं हे खरं, पण हात माझे होते. तीन दिवस मी त्याचा गुडघा चोळला. तो किंचाळायचा, मी त्याचे पाय माझ्या मांडीखाली दाबून धरायची आणि चोळायची. लेपाची वाफ नाकात जायची. चौथ्या दिवशी गुडघा नारळाएवढा झाला, कातडी तुकतुकीत. सांध्याच्या आत रक्त साठत होतं. शेक आणि चोळणं दोन्हींनी ते वाढतं. बर्फ फडक्यात गुंडाळून ठेवायचा असतो, पाय उंच ठेवायचा असतो, हलवायचा नसतो. तोच सांधा पुढे पुनःपुन्हा भरत राहिला. आज तो सतरा वर्षांचा आहे आणि तो पाय पूर्ण सरळ व्हायला पंधरा अंश कमी पडतात. फिजिओथेरपिस्ट कोनमापक लावून दर सहा महिन्यांनी आकडा सांगतात. तो आकडा मी वहीत लिहिते. तो कुणाच्या हातांनी आला ते मात्र लिहिलं नव्हतं. थोरल्यालाही सांगितलं नव्हतं.

कुणी काही बोललं नाही. कुणी "तुम्हाला काय माहीत होतं" असंही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी त्या बायकांची जन्माची ऋणी आहे. थोड्या वेळाने अंधारातून एक आवाज आला, "मी तापलेली वीट लावली होती." मग दुसरा, "आम्ही देवऋष्याकडे नेलं होतं. त्यानं कापलं." असं एकेक येत गेलं. लेक माझ्या अंगाला टेकून बसली होती. तिने सगळं ऐकलं.

पण त्या रात्री मी गुडघ्यापाशीच थांबले. त्याहून मोठं होतं ते घशाशी आलं आणि तिथेच राहिलं.

पहाटे झोप लागेना म्हणून खाली आले तर इचलकरंजीच्या काकू बंबापाशी बसल्या होत्या. त्यांना मी बहिणीचं सांगितलं.

२०१९चा श्रावण. बहिणीचं पहिलं बाळंतपण, माहेरी. मुलगी झाली, सगळं नीट झालं. नवव्या दिवशी तिला अंगावर जायला लागलं ते थांबेना. गाद्या भिजल्या. दवाखान्यात नेलं, मी सोबत होते. तिथल्या डॉक्टरांनी विचारायला हवं तेच विचारलं. "घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का?" त्या वेळी बहिणीच्या सासूबाई डबा घेऊन दारात उभ्या होत्या. मी डॉक्टरांकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हटलं, "नाही."

थोरल्याला काय झालंय ते माहेरी मी कधी धड सांगितलं नव्हतं. 'रक्त कमी आहे', 'प्लेटलेटचा त्रास आहे' असं काहीबाही. त्याचं निदान झालं तेव्हा 'आईकडून येतो' हे शब्द सासरच्या माणसांसमोर उच्चारले गेले होते, आणि सासूबाईंनी त्या क्षणी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरले नव्हते. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं, की साधारण एक तृतीयांश मुलांच्या घरात आधी कुणालाच नसतो, बदल नव्यानेच होतो. ते वाक्य मी घट्ट धरून ठेवलं. आमच्यात कुणाला नाही, हे नवंच आहे, असं सगळ्यांना सांगितलं. चौतिसाव्या वर्षी आईची पिशवी काढली होती आणि त्यानंतर ती वीस दिवस दवाखान्यात रक्त चढवून घेत पडली होती, हे मला पाठ होतं. खूप जातंय म्हटलं की आधी रक्त तपासायचं सोडून पिशवीच काढून टाकायची, ही आपल्याकडची रीत किती बायांना भोवली असेल. आईच्या वेळी कुणी विचारलं नाही. बहिणीच्या वेळी विचारलं, आणि मी नाही म्हणून सांगितलं.

बहिणीला चार बाटल्या रक्त चढलं. पिशवी साफ करावी लागली. अकरा दिवसांनी घरी आली तेव्हा दूध आटलं होतं. नवव्याच दिवशी का, ते मला शिबिरात कळलं. गरोदरपणात बाईचं फॅक्टर आठ आपोआप चढतं, त्यामुळे प्रसूती सुखरूप होऊ शकते, पण नंतरच्या दिवसांत ते पुन्हा खाली येतं. धोका त्या दिवसांत असतो. आधी ठाऊक असतं तर त्या दिवसांसाठी औषध देऊन ठेवता आलं असतं.

काकू बंबात चिपाडं सारत ऐकत होत्या. माझं रडणं थांबायची त्यांनी वाट बघितली नाही. विचारलं, "बहिणीची मुलगी केवढी आहे?"

"साडेपाच वर्षांची."

"मग तिला वयात यायला सहा-सात वर्षं आहेत. तोवर सांगशील ना?"

एवढंच. मग म्हणाल्या, "पाणी तापलंय, पोरीला उठव आंघोळीला."

घरी आल्यावर पोथीतली चिठ्ठी काढली आणि नवऱ्यापुढे ठेवली. तेही काही दिवस गप्प होते. पण तपासणीला आम्ही तिघं मिळून गेलो. लेकीचं फॅक्टर आठ ३१ टक्के निघालं, माझं ३८. हिमोग्लोबिन तिचं ८.४. माझ्या घरात हिमोफिलियाचा एक पेशंट आहे असं मी चौदा वर्षं सांगत होते; थोरला, लेक आणि मी, आम्ही तिघं होतो. लेकीला आता पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या असतात, लोहाच्या गोळ्या रोज. डोकं दुखलं तर ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन घ्यायचं नाही हे तिने स्वतःच्या अक्षरात लिहून आरशाला चिकटवलंय. उन्हाळ्यात ती पहिल्यांदा पाळी चालू असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली, पिवळा ड्रेस घालून. मी गडद रंगाचा काढून ठेवला होता, तो तिने परत कपाटात ठेवला.

थोरल्याला गुडघ्याचं मी त्याच्या खोलीत जाऊन सांगितलं. तो मोबाइल खाली ठेवून ऐकत राहिला. मग विचारलं, "मी खूप ओरडलो होतो का?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मला काहीच आठवत नाही." यात माझी सुटका होती की नाही ते अजून मला ठरवता येत नाही.

बहिणीला फोन करायला मला एकोणीस दिवस लागले. रोज नंबर काढायची आणि बाजूला ठेवायची. शेवटी एका दुपारी लावला आणि सगळं सांगितलं. थोरल्याचा आजार काय आहे, आईला काय झालं असावं, आम्हा मायलेकींचे आकडे किती आले. आणि त्या दिवशी डॉक्टरांनी काय विचारलं होतं आणि मी काय उत्तर दिलं होतं. ती मधे एकदाही बोलली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "तू तिथं उभी होतीस ताई. माझ्या उशाशी." आणि फोन ठेवला.

त्यानंतर कितीतरी महिने तिचा फोन नाही. राखीला ती आली नाही, भाऊ एकटाच आला. तिने रागवू नये असं मला वाटत नव्हतं. मी मधे एकदाच लिहिलं, की थोरल्याची जनुकीय तपासणी परळला केईएमच्या आवारातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत झालेली आहे, त्याच्या जनुकाचा एक तुकडा उलटा बसलाय, गंभीर हिमोफिलिया ए असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांत हाच बदल असतो. बदल कुठला ते माहीत असल्यामुळे तुझं आणि मुलीचं नेमकं तेवढंच बघता येईल. फॅक्टरचा आकडा चांगला आला तरी त्याच्यावर थांबू नको, जनुकाचंही कर. रिपोर्टचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही.

भाद्रपदात एका रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला.

"फॅक्टरचं रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं का?"

मी अंथरुणात उठून बसले. लिहिलं, "नाही. दोघी खाऊन जा." मग बराच वेळ मोबाइल हातात धरून बसले आणि आणखी लिहिलं, "मी येऊ?"

नवरा झोपला होता. बाहेर पाऊस लागला होता. उत्तर यायला पाऊण तास लागला.

"ये. पण मी डॉक्टरांशी बोलेपर्यंत तू बाहेर थांब. आणि तुमच्या फायली आण."

मी दिवा लावला आणि कपाटातून फायली काढल्या. थोरल्याची, माझी, आणि नवी, लेकीच्या नावाची.